मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलात भूत शोधायचं तर

मसुरीच्या लायब्ररी चौकातून वर गेलं की देवदारांच्या आडून सॅव्हॉय दिसायला लागतं. लखनौचा आयरिश बॅरिस्टर सेसिल लिंकन याने मॅडॉक्स स्कूलची जागा विकत घेऊन बांधलेलं हे हॉटेल १९०२ मध्ये उघडलं. मोटारीचा रस्ता तेव्हा वर येत नव्हता. पियानो, बिलियर्डची टेबलं, दारूची पिंपं असं सगळं बैलगाड्यांनी चढवलं. १९०५ च्या कांगडा भूकंपाने इमारतीला तडाखा दिला आणि १९०७ मध्ये हॉटेल पुन्हा सुरू झालं. १९२० मध्ये जवाहरलाल नेहरू इथे आई आणि पत्नीसोबत राहिले होते. अफगाण शिष्टमंडळ नेमकं याच हॉटेलात उतरलेलं, म्हणून इंग्रज सरकारने नेहरूंना मसुरी सोडायला लावली. एवढा इतिहास असूनही सॅव्हॉयचं नाव काढलं की लोक विचारतात ते एकच: त्या बाईचं भूत खरंच दिसतं का?

भूत असतं की नसतं हा वाद ज्याचा त्याने घालावा. माझा हट्ट छोटा आहे. रात्रभर जागायचंच असेल तर सकाळी हाताशी काहीतरी धड नोंद असावी. त्यासाठी मला एकच खात्रीचा मार्ग माहीत आहे. ज्या खोलीचा बोभाटा आहे तिथे जेवढा वेळ बसाल तेवढाच वेळ, तीच माणसं आणि तीच उपकरणं घेऊन अशा खोलीत बसा जिच्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढलेला नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दुसऱ्या खोलीसाठी आहेत म्हटलं तरी चालेल. उदाहरण सॅव्हॉयचं घेतलंय, पण हीच पद्धत कुठल्याही जुन्या हॉटेलात वापरता येईल.

पहिली पायरी: गोष्ट सोलून काढा

सांगितली जाते ती गोष्ट अशी. १९११ मध्ये लेडी गार्नेट-ऑर्म नावाची इंग्रज बाई आपली सोबतीण एव्हा माउंटस्टीफन हिच्यासह सॅव्हॉयला उतरली. दोघी परलोकविद्येच्या नादातल्या. स्फटिकाच्या गोळ्यात टक लावून बघायचं, टेबलाभोवती बसून आत्म्यांना बोलवायचं, हा त्यांचा उद्योग. मग एव्हा मसुरी सोडून खाली मैदानात गेली आणि सप्टेंबरात बाई आपल्या खोलीत मेलेली सापडली. दार आतून बंद. शवविच्छेदनात विष निघालं. झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या ब्रोमाइडच्या औषधात सोबतिणीनेच आधी काहीतरी कालवून ठेवलं असणार, असा संशय आला. अलाहाबादला खटला चालला, एव्हा निर्दोष सुटली, आणि तेव्हापासून बाई आपला मारेकरी शोधत व्हरांड्यांतून फिरते म्हणे.

आता एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: कागदोपत्री, ऐकीव, आणि पुस्तकातून शिरलेलं. गोष्टीतलं एकेक वाक्य उचलून त्यातल्या एका रकान्यात टाका. तासाभरात मजा दिसायला लागते.

फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म ही बाई खरी होती, तिचं वय एकोणपन्नास होतं, मृत्यू खरा, खटला आणि १९१२ मधली सुटकाही खरी. 'लेडी' हा किताब मात्र गोष्टीने बहाल केलेला आहे. खटल्याच्या संदर्भात ती 'मिस'च आहे. विषाचं बघा. मूळ प्रकरणात प्रुसिक ॲसिड, म्हणजे सायनाइडच्या जातीचं विष. पण आज सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी आवृत्त्यांत स्ट्रिकनिन येतं. हे कुठून आलं? अगाथा ख्रिस्तीच्या १९२० मध्ये आलेल्या पहिल्या कादंबरीत बाटलीतल्या औषधात ब्रोमाइड मिसळतात, त्यामुळे स्ट्रिकनिनचे स्फटिक होऊन तळाशी बसतात, आणि शेवटच्या डोसात जवळजवळ सगळं विष एकदम पोटात जातं. ही युक्ती मसुरीच्या प्रकरणावरून सुचली, किपलिंगने कॉनन डॉयलला कळवलं आणि तिथून ती ख्रिस्तीपर्यंत पोहोचली, असं हौसेने सांगितलं जातं. मला ते फारसं पटत नाही. ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधखोलीत काम करत होती. कुठलं औषध कशात मिसळू नये हे तिला मसुरीहून कळायची गरज नव्हती. उलटा प्रवास जास्त शक्य वाटतो: कादंबरी गाजली आणि तिच्यातलं स्ट्रिकनिन सॅव्हॉयच्या गोष्टीत येऊन मिसळलं. पुढे बाईचा डॉक्टरही तसाच विषाने मेला, असं गोष्टीला जोडलेलं शेपूट मी 'ऐकीव' रकान्यात टाकतो.

जुन्या बातम्या शोधायच्या तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' फुकट आहे, आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या असल्या खमंग खटल्यांना तिकडची वृत्तपत्रं भरपूर जागा द्यायची. आडनावाची स्पेलिंगं बदलून बदलून शोधा, एक 'टी', दोन 'टी', 'ऑर्म', 'ऑर्म्स'. आणि एक पथ्य पाळा. शंभर वर्षांत हॉटेलची कितीदा डागडुजी होते, भिंती हलतात, क्रमांक बदलतात. 'हीच ती खोली' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर कशावरून, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर तीही ऐकीव खोली समजा.

गटातल्या निदान एका माणसाला ही गोष्ट सांगूच नका. मसुरीला फिरायला जातोय, एक रात्र जागायचंय, एवढंच कळू द्या. या माणसाची वही पुढे सोन्याच्या मोलाची ठरते.

दुसरी पायरी: तारीख, खोल्या, परवानगी

दिल्लीहून डेहराडूनपर्यंत रेल्वे आणि तिथून साधारण पस्तीस किलोमीटर घाटाची टॅक्सी, हा नेहमीचा रस्ता. मे-जून आणि शनिवार-रविवार टाळा. वरच्या मजल्यावरच्या पोरांचा धुडगूस कुठल्याही पिशाच्चापेक्षा जोरात असतो. जुलै ते सप्टेंबर पाऊस आणि धुकं. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर उत्तम: हवा कोरडी, गर्दी कमी, संध्याकाळी क्षितिजावर मसुरीची प्रसिद्ध 'विंटरलाइन', म्हणजे सूर्यास्तानंतरचा रंगीत पट्टा, बघायला मिळते ती वेगळीच. बाईच्या मृत्यूच्या तिथीलाच जायचा मोह होतो. जाऊ नका. त्या रात्री सगळ्यांचे कान टवकारलेले असतात, आणि पावसाळाही पुरता सरलेला नसतो.

तीन ते पाच माणसं पुरेत. दोन खोल्या घ्या. एक शक्यतो बदनाम भागाजवळची. दुसरी त्याच मजल्यावरची, त्याच दिशेला तोंड असलेली, पण जिचं नाव कुणी घेत नाही अशी. सॅव्हॉय आता आयटीसी समूहाच्या छत्राखालचं महागडं हॉटेल आहे, तेव्हा दुसऱ्या खोलीचे पैसे जिवावर येतात. मग एखादा माणूस कमी न्या, पण खोली सोडू नका.

हॉटेलला आधी ईमेल करा. भुताचं नाव काढलं तर नकार येईल या भीतीने बरेच जण गप्प राहतात आणि मग रात्री दीड वाजता व्हरांड्यात तिपाई लावताना पकडले जातात. मजकूर सरळ ठेवा: आम्ही आमच्या खोल्यांत रात्रभर ध्वनिमुद्रण करणार आहोत, इतर पाहुण्यांचं चित्रण करणार नाही, बंद भागात जाणार नाही, व्हरांड्यात थांबायचं असेल तर कुठे आणि किती वाजेपर्यंत चालेल ते कळवा. लेखी होकार फोनमध्ये ठेवा. नकार आला तर आपल्या खोलीच्या चार भिंतींत काम करा, तेही भरपूर असतं.

तिसरी पायरी: सामान

टीव्हीवर दिसणारी निम्मी यंत्रं घरी ठेवा. सगळ्यात आधी विकत घ्यायची वस्तू म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. १९२१ मध्ये अमेरिकन नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकीकत छापली होती. नव्या घरात आल्यापासून पावलं ऐकू येतात, कुणीतरी बघतंय असं वाटतं, डोकं जड राहतं, झाडंसुद्धा मरायला लागली. शेवटी भट्टी सदोष असून धूर घरातच पसरतोय असं निघालं. आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणी बंद खोलीतली कोळशाची शेगडी आणि बिनझरोक्याच्या न्हाणीघरातला गॅस गीझर दरवर्षी माणसं मारतात. 'त्या खोलीत गेलं की डोकं दुखतं, छातीवर दडपण येतं' असं जिथे ऐकाल, तिथे आधी हा अलार्म लावा आणि खिडकी उघडा.

बाकीचं: दोन एकसारखे ध्वनिमुद्रक, तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवत राहणारे दोन छोटे लॉगर, दोन तिपाया, लाल उजेडाची हेडलँप, मास्किंग टेप, सुटे सेल, आणि प्रत्येकाला एक वही. ध्वनिमुद्रण न दाबलेल्या (अनकंप्रेस्ड) WAV फाइलींत करा आणि 'नॉइज रिडक्शन' बंद ठेवा; आवाज साफ करण्याच्या नादात यंत्र खरखरीतून स्वतःच काहीतरी बोलल्यासारखे तुकडे तयार करतं. सगळ्यांची घड्याळं आधी एकमेकांशी जुळवून घ्या.

बंदुकीसारखा दिसणारा इन्फ्रारेड तापमापक फक्त समोरच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, हवेचं नव्हे. आरशावर किंवा काचेवर रोखलात तर तिसरंच काही वाचतो. 'इथे हवेचा थंडगार गोळा आहे' हे त्याच्या भरवशावर सांगता येत नाही.

लुकलुकणाऱ्या दिव्यांचे विद्युतचुंबकीय मीटर मी नेत नाही. भिंतीतली वायरिंग, फोन, वाय-फाय, लिफ्टची मोटर, सगळ्यांना ते दाद देतात. २००९ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या संशोधकांनी मुद्दाम एक 'झपाटलेली' खोली बांधून त्यात विद्युतचुंबकीय क्षेत्र आणि ऐकू न येणारा अतिमंद ध्वनी सोडून बघितला होता. लोकांना चित्रविचित्र अनुभव आले खरे, पण ते यंत्र चालू आहे की बंद याच्याशी जुळले नाहीत. माणूस किती सूचनाशील आहे याच्याशी जास्त जुळले.

चौथी पायरी: दिवसाउजेडी इमारतीशी ओळख

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. दुपारी पोहोचलात तर संध्याकाळपर्यंत हेच करा.

दोन्ही खोल्यांत वीस-वीस मिनिटं नुसतं शांत बसा आणि ऐकू येईल ते लिहा. लिफ्ट, मिनीबारचा कॉम्प्रेसर, शेजारचा फ्लश, वरच्या मजल्यावरची खुर्ची. मग ते आवाज मुद्दाम काढून बघा. एकाने वरच्या जिन्यात चालायचं, दुसऱ्याने खाली खोलीत ऐकायचं. गीझर चालू करा, बंद करा. दार हळू ढकला आणि कितपत झोताने ते आपसूक मिटतं ते बघा. उदबत्ती पेटवून (धुराचा अलार्म नसेल तिथेच) चौकटींपाशी धरली की वारा कुठून आत येतो ते धूर दाखवतो. धूर चालत नसेल तर टिश्यूची पातळ पट्टीही तेच काम करते. इंग्लंडच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या 'थंड जागां'चा मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी शोध घेतला, तेव्हा जुन्या, दिसेनाशा झालेल्या दारांच्या फटींतून येणाऱ्या झोतांकडे बोट दाखवता आलं.

थंड हवेच्या ठिकाणच्या जुन्या इमारतींना स्वतःचे आवाज असतात. दिवसा उन्हात तापलेला पत्रा रात्री आकसतो आणि टकटकतो. लाकडी जमीन कुरकुरते, तीही कुणी चालून गेल्यावर बऱ्याच वेळाने. झाडांची बोंडं छपरावर पडतात आणि घरंगळत जातात. माकडं आणि लंगूर पहाटे छपरावरून धावतात. घुबड आहे, उंदीर तर आहेतच.

या सगळ्यात एक खूण फार उपयोगी पडते. महाबळेश्वरच्या एका जुन्या बंगल्यात आम्ही भिंतीतून येणारी टकटक ऐकत बसलो होतो. दोन बोटांनी दार वाजवावं तशी, अगदी माणसाची वाटणारी. सगळे श्वास रोखून बसलेले. नोंद ठेवणाऱ्याने घड्याळ लावून दोन टकटकींमधलं अंतर लिहायला सुरुवात केली: आधी काही सेकंद, मग अर्धा मिनिट, मग एक मिनिट, मग त्याहून जास्त. अंतर वाढत वाढत आवाज थांबला. निवणाऱ्या वस्तूचा आवाज असाच विरळ होत जातो, कारण ती सुरुवातीला झपाट्याने निवते आणि पुढे हळूहळू. शेजारच्या न्हाणीघरातला गीझर कुणीतरी बंद केला होता आणि गरम पाण्याचा नळ आकसत होता. तेव्हापासून कुठलाही ठोका ऐकला की आवाज कसला याच्याआधी मी अंतर मोजायला लावतो.

अतिमंद ध्वनीचं एक प्रकरण मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे अभियंते व्हिक टँडी यांना प्रयोगशाळेत रात्री काम करताना डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून ठेवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरायला लागलं. शोध घेतल्यावर नवीन बसवलेला पंखा सेकंदाला सुमारे एकोणीस कंपनांचा, कानाला न कळणारा ध्वनी खोलीत साठवत होता. पंखा बंद, भूत बंद. हॉटेलच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, बॉयलर, पंप कुठे आहेत आणि किती वाजता चालतात, हे विचारून नकाशावर मांडा.

अंधार पडल्यावर आवाराबाहेर भटकू नका. मसुरीच्या जंगलात बिबट्या आहे.

पाचवी पायरी: माणसांशी बोला

रात्रपाळीचा माणूस, जुना वेटर, माळी यांच्याकडे खरी माहिती असते. इथले बरेच कर्मचारी गढवाली असतात. 'भैजी' म्हणून हाक मारलीत तर बोलणं सोपं होतं. पण 'भूत दिसलं का?' असं विचारलंत की तुम्हाला पर्यटकांसाठी घोटून ठेवलेली कहाणी मिळेल. त्याऐवजी असं विचारा: 'भैजी, रात की ड्यूटी में कौन-सी तरफ जाना अच्छा नहीं लगता?' मग फक्त ऐका. उत्तर आलं की पुढचा प्रश्न: हे तुम्ही स्वतः पाहिलंत, पाहणाऱ्याला भेटलात, की सगळे म्हणतात? पहिल्या प्रकारातले अनुभव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात. तेच लिहून घ्या, वेळ, ऋतू आणि त्या वेळी तो किती तास जागा होता यासकट.

प्रत्येकाशी वेगवेगळं बोला. आपल्याकडे भानामतीच्या तक्रारी आल्या की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतात, आणि गुंता बहुतेक तिथेच सुटायला लागतो. चारजण एकत्र बसले की चार आठवणींची एकच आठवण होते.

इथे एक गंमत दिसते. आपला मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, चकवा रानातल्या वाटेवर. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला आणि तिथे काय करू नये हेही ठरलेलं. सॅव्हॉयचं भूत मात्र साहेबाचं आहे. त्याला व्हरांडा लागतो, गाऊन लागतो, न सुटलेला खटला लागतो. सांगणारा गढवाली असो की पुण्याचा, वर्णन त्याच साच्यात येतं. साच्याबाहेरचा, बिनगाऊनचा, निरर्थक वाटणारा तपशील कुणी दिला तर तो अधोरेखित करा.

सहावी पायरी: रात्र

जेवण हलकं घ्या. दारू नको. हॉटेलचा रायटर्स बार प्रसिद्ध आहे, त्याला दुसऱ्या संध्याकाळी भेट द्या.

गटाचे दोन भाग करा. साडेदहाला एक भाग बदनाम खोलीत, दुसरा साध्या खोलीत. चाळीस मिनिटं बसा. मधे थोडी विश्रांती, मग अदलाबदल आणि पुन्हा चाळीस मिनिटं. ज्याला गोष्ट माहीत नाही त्याला कुठली खोली कुठली हे सांगू नका. ध्वनिमुद्रक, लॉगर दोन्हीकडे एकाच उंचीवर, खिडकीपासून सारख्याच अंतरावर ठेवा. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून दोन्ही खोल्यांत सुरुवातीलाच दिवे घालवा आणि मध्ये फोन उघडू नका.

बसल्यावर एकच शिस्त: स्वतःचा प्रत्येक आवाज तिथल्या तिथे बोलून टाका. 'पोट गुरगुरलं, मी.' 'खुर्ची सरकली, मी.' हसू येतं, पण दोन दिवसांनी ध्वनिफीत ऐकताना हीच वाक्यं वाचवतात. काही जाणवलं तर मात्र बोलू नका. वहीत वेळ टाकून गुपचूप लिहा. एकाने 'आई गं, थंडी वाजली' म्हटलं की पाचही जणांना हुडहुडी भरते.

डोळ्यांचे खेळही माहीत असू द्या. मिट्ट अंधारात स्थिर असलेला एकच ठिपका, उदाहरणार्थ स्मोक डिटेक्टरचा तांबडा दिवा, हलतोय असं वाटायला लागतं. त्याच्यावर टक लावू नका. फ्लॅश मारून फोटो काढले तर भिंगाजवळचे धूळकण किंवा धुक्याचे थेंब गोल तेजस्वी चकत्यांसारखे उमटतात; मसुरीच्या हवेत खिडकी उघडी ठेवली तर अशा 'आत्म्यांची' जत्रा भरते. चादर झटकून आधी एक फोटो काढून ठेवा, तुलनेला बरा पडतो.

दीडच्या सुमाराला थांबा, यंत्रं चालू ठेवा आणि झोपा. झोपेतले अनुभव वेगळ्या पानावर लिहायचे. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा जास्त सावध राहतो आणि बारीक आवाजाला चटकन प्रतिसाद देतो, असं ब्राऊन विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे हॉटेलात पहिल्या रात्री दचकून उठणं हा नेहमीचाच प्रकार आहे. जाग आली पण हातपाय हलेनात, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटलं, तर तो निद्रा-पक्षाघात. उताणं झोपणाऱ्यांना, जागरण झालेल्यांना जास्त होतो. कुशीवर झोपा. परवडत असेल तर दोन रात्री राहा आणि दुसऱ्या रात्रीची नोंद जास्त गंभीरपणे घ्या.

प्लँचेट आणि आरसा

होस्टेलात वाटी फिरवलेली मंडळी गटात असतातच, आणि गार्नेट-ऑर्म स्वतः त्याच पंथातली म्हटल्यावर हा विषय निघणारच. करायचंच असेल तर तपासणीसह करा. १८५३ मध्ये मायकेल फॅरडेने हलणाऱ्या टेबलांचा निकाल लावला होता. टेबलावर सरकू शकणाऱ्या पुठ्ठ्यांचे थर ठेवून त्याने दाखवलं की टेबल हातांना ओढत नाही, हातच नकळत टेबल ढकलतात. तुम्ही एवढंच करा: सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधा, अक्षरांचा पट गुपचूप फिरवा, आणि लिहून घ्यायला बाहेरचा माणूस बसवा. आत्म्याला मराठी येत असो वा इंग्रजी, अक्षरं तर दिसायला हवीत. ज्याच्या घरी नुकतं कुणी गेलंय त्याला आणि मुलांना यापासून लांब ठेवा. त्यांना होणारा त्रास खरा असतो.

स्फटिक किंवा आरशात बघण्याचा प्रयोग तर मी दोन्ही खोल्यांत आवर्जून करायला सांगेन. इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठाचे जोव्हानी कापुतो यांनी २०१० मध्ये पन्नास जणांना मंद उजेडात दहा मिनिटं आरशात बघायला लावलं. दोनतृतीयांश लोकांना स्वतःचा चेहरा भयानक बदललेला दिसला. काहींना अनोळखी माणूस, काहींना जनावरही दिसलं. सॅव्हॉयच्या १९११ च्या बैठकांत काय दिसत असेल याची झलक मिळते, आणि साध्या खोलीतल्या आरशातही तेच दिसतं हे कळतं. भीती वाटली तर दिवा लावा, चेहरा जागेवर येतो.

सातवी पायरी: घरी आल्यावर

गटात नसलेल्या मित्राला सगळ्या ध्वनिफिती द्या. त्याने फाइलींची नावं बदलून, कुठली कुठल्या खोलीतली हे स्वतःपाशीच ठेवावं. मग प्रत्येकाने हेडफोन लावून, एकट्याने ऐकून संशयास्पद जागा टिपायच्या. एखादा 'आवाज' सापडला तर तो दुसऱ्याला ऐकवताना 'इथे ती नाव घेते बघ' असं म्हणू नका. नुसता तुकडा द्या आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगा. तीन जणांनी तीन वेगळी वाक्यं लिहिली तर तो शब्द तुमच्या डोक्यात होता. तिघांनी एकच लिहिलं तर जपून ठेवा आणि शेजारच्या खोलीत त्या वेळी टीव्ही चालू होता का, ते तपासा.

आता मोजणी. बदनाम खोलीत किती टिपणं, साध्या खोलीत किती? ज्याला गोष्ट माहीत होती त्याची किती, नव्हती त्याची किती? दोन्ही खोल्यांत साधारण सारखी आली तर खोलीचा संबंध नाही. माहीतगारांनाच बदनाम खोलीत जास्त जाणवलं तर गोष्टीचा प्रभाव. अवघड स्थिती तिसरी: माहीत नसलेल्यालाही तिथेच जास्त जाणवलं. लगेच उड्या मारू नका. वाइजमन यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हॅम्प्टन कोर्ट आणि एडिनबराच्या तळघरांत, लोकांना बदनाम जागा कुठल्या हे ठाऊक नसतानाही तिथेच विचित्र अनुभव जास्त आले होते, आणि त्यांचा मेळ खोलीचा आकार, उजेड अशा गोष्टींशी बसत होता. म्हणजे जागेतच काहीतरी असतं, फक्त ते काय हे लॉगरच्या आकड्यांत आणि चौथ्या पायरीच्या नकाशात आधी शोधायचं. तिथे हाती लागलं नाही तर पुन्हा जायला कारण मिळालं.

अहवाल चार पानांच्या वर नेऊ नका. आधी इमारतीचे आवाज, मग दोन्ही खोल्यांचं कोष्टक, मग न उलगडलेल्या गोष्टी, वेळेसकट. मूळ फाइली न कापता जपून ठेवा. कापलेल्या तुकड्यांवर कुणी विश्वास ठेवू नये, आणि ठेवतही नाही. हॉटेलला एक प्रत पाठवा. पाठवण्याआधी कर्मचाऱ्यांची नावं आणि ड्यूटीच्या वेळा काढून टाका, कारण रात्रपाळीवाल्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या नावासकट व्यवस्थापकाच्या टेबलावर पोहोचली तर तो पुढच्या माणसाशी बोलणार नाही.